प्रशिक्षकबदल आणि नेतृत्वबदल : क्रीडारसिक व नागरिक यांच्या मतांचे समीक्षात्मक आकलन

प्रस्तावना

संघ हरला की प्रशिक्षक बदलावा आणि राज्यकारभार बिघडला की नेता बदलावा, ही दोन मते समाजात वरचेवर ऐकू येतात. दोन्ही मते मांडणारी माणसे बहुधा तीच असतात, त्यांची भाषाही जवळजवळ सारखी असते. त्यामुळे मैदान व राजकारण ही एकाच न्यायाने चालणारी क्षेत्रे आहेत, असा समज सहज पसरतो. प्रस्तुत लेखात या समजाची चिकित्सा केली आहे. त्यासाठी भारतीय फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकपदातील अलीकडचे बदल आणि महाराष्ट्रातील मुख्यमंत्रिपदातील बदल यांची तुलना आधारभूत धरली आहे. सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या संदर्भात ही तुलना विशेष उद्बोधक ठरते. राज्याला पाच मुख्यमंत्री देणाऱ्या या परिसरात कुस्तीच्या तालमीची परंपरा आहे, आणि शेजारच्या कोल्हापुरात त्याच तालमींच्या नावांनी फुटबॉल खेळला जातो.

तालमीची भाषा आणि राजकारणाची भाषा

मराठी राजकीय भाषेचा मोठा भाग आखाड्यातून आलेला आहे. उमेदवार शड्डू ठोकतात, डाव टाकतात, प्रतिस्पर्ध्याला चितपट करतात. अनुभवी नेत्याला ‘वस्ताद’ म्हटले जाते आणि वस्ताद एक डाव राखून ठेवतो, ही म्हण प्रत्येक निवडणुकीत नव्याने वापरली जाते. उलट दिशेनेही शब्दांची देवघेव झाली आहे. पराभूत संघाच्या प्रशिक्षकाकडे ‘राजीनामा’ मागितला जातो, निवड समितीवर ‘गटबाजी’चा आरोप होतो, संघनिवडीत ‘प्रादेशिक अन्याय’ शोधला जातो.

ही देवघेव वरवर निरुपद्रवी वाटते. परंतु तिच्यात एक महत्त्वाचा भेद पुसला जातो. तालमीतील वस्ताद आणि करारावर नेमलेला प्रशिक्षक या दोन वेगळ्या संस्था आहेत. वस्ताद पराभवानंतर काढला जात नाही. पैलवान येतात, जातात. वस्ताद तालमीतच राहतो. त्याचा अधिकार निकालावर नव्हे, तर दीर्घ सहवासावर आणि घडवलेल्या शिष्यांवर उभा असतो. प्रशिक्षकाचा अधिकार मात्र कराराने येतो आणि कराराने संपतो. त्याला वेतन असते, मुदत असते, उद्दिष्टे असतात. मराठी लोकमानस नेत्याकडून वस्तादाच्या निष्ठेची अपेक्षा करते आणि त्याचे मूल्यमापन मात्र प्रशिक्षकाच्या निकषावर करते. नेतृत्वबदलाविषयीच्या मतांतील बराचसा गोंधळ या मिश्रणातून निर्माण झालेला दिसतो.

कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये हे मिश्रण प्रत्यक्ष पाहावयास मिळते. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ ही संघांची नावे असली तरी ती मुळात पेठांची ओळख आहे. त्यामुळे संघाविषयीचे प्रेम हे गल्लीविषयीच्या प्रेमापासून वेगळे काढता येत नाही. अशा ठिकाणी खेळातील लोकप्रियता राजकारणात उतरणे स्वाभाविक ठरते. फुटबॉलपटू म्हणून परिचित असलेले चंद्रकांत जाधव २०१९ मध्ये कोल्हापूर उत्तर मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आले, यात या नात्याची साक्ष आहे. पाटण तालुक्यात फुटबॉलची अशी परंपरा नाही. पण तेथील राजकारणात अनेक दशके देसाई आणि पाटणकर या दोन घराण्यांभोवती जे गट उभे राहिले, त्यांतील निष्ठेचे स्वरूप पेठेच्या संघनिष्ठेहून फार निराळे नाही. ‘आपला गट’ हा शब्द दोन्हीकडे सारख्याच आत्मीयतेने उच्चारला जातो.

भारतीय फुटबॉल : प्रशिक्षक बदलले, प्रश्न तेच राहिले

२०११ पासून २०२५ पर्यंत भारतीय पुरुष संघाच्या प्रशिक्षकपदी आर्मांडो कुलासो, सावियो मदेरा, विम कोव्हरमन्स, स्टीफन कॉन्स्टंटाइन, इगोर स्टिमॅक, मनोलो मार्केझ आणि खालिद जमील अशी सात माणसे आली. पहिले दोघे गोव्याचे. त्यानंतर थेट ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील यांच्या रूपाने भारतीय प्रशिक्षक आला. या क्रमातील अखेरचे तीन बदल लोकमताच्या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत.

कॉन्स्टंटाइन यांची दुसरी कारकीर्द २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हा भारत जागतिक क्रमवारीत १७३ व्या स्थानापर्यंत घसरला होता. जुलै २०१७ मध्ये तो ९६ व्या स्थानावर पोहोचला. जानेवारी २०१९ मधील आशियाई चषकात भारताने थायलंडचा ४–१ असा पराभव केला. पुढे बहरीनविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी दिलेल्या पेनल्टीमुळे भारत ०–१ ने हरला आणि स्पर्धेबाहेर गेला. कॉन्स्टंटाइन यांनी त्याच दिवशी पद सोडले.

त्यांच्या जागी मे २०१९ मध्ये स्टिमॅक आले. २०२३ मध्ये संघाने तिरंगी मालिका, आंतरखंडीय चषक आणि सॅफ स्पर्धा जिंकली. त्या वर्षी जयजयकार करणाऱ्यांत आणि २०२४ मध्ये हकालपट्टी मागणाऱ्यांत फारसे अंतर नव्हते. जानेवारी २०२४ च्या आशियाई चषकात भारत तिन्ही सामने एकही गोल न करता हरला; मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १–२ असा पराभव झाला; जूनमध्ये विश्वचषक पात्रता फेरीतील आव्हान संपले आणि १७ जून २०२४ रोजी स्टिमॅक यांना काढण्यात आले. त्यांचा करार ऑक्टोबर २०२३ मध्येच, म्हणजे यशाच्या भरात, जून २०२६ पर्यंत वाढवलेला होता. परिणामी वाद निर्माण झाला आणि तो मिटविण्यासाठी महासंघाला सुमारे ४ लाख डॉलर द्यावे लागले.

त्यांच्यानंतर आलेल्या मार्केझ यांच्याकडे प्रारंभी एफसी गोवा आणि राष्ट्रीय संघ अशी दुहेरी जबाबदारी होती. त्यांच्या आठ सामन्यांत संघाला एकच विजय मिळाला, तोही मालदीवविरुद्ध. जुलै २०२५ मध्ये ते पायउतार झाले तेव्हा भारत १३३ व्या स्थानावर होता. खालिद जमील यांची नेमणूक झाल्यावर ‘अखेर आपला माणूस’ अशी समाधानाची भावना व्यक्त झाली आणि काफा स्पर्धेत ओमानला हरवून मिळविलेल्या तिसऱ्या स्थानामुळे ती दृढही झाली. तथापि ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावात सिंगापूरकडून १–२ असा पराभव होऊन २०२७ च्या आशियाई चषकाची पात्रता हुकली आणि नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशानेही भारताला हरविले. परदेशी प्रशिक्षक असताना परदेशीपणा हे कारण सांगितले गेले, दुहेरी जबाबदारी असताना दुहेरीपणा हे कारण ठरले. स्वदेशी, पूर्णवेळ प्रशिक्षक आल्यावर ही दोन्ही स्पष्टीकरणे अपुरी ठरली. गोल करणाऱ्या खेळाडूंची टंचाई एवढी की निवृत्त झालेले सुनील छेत्री मार्च २०२५ मध्ये वयाच्या चाळिसाव्या वर्षी संघात परतले. हा प्रश्न एका व्यक्तीच्या जाण्या-येण्याने सुटणारा नव्हता.

ज्या संस्थेने या सर्व नेमणुका केल्या, तिच्याविषयी लोकमत तुलनेने मौन राहिले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षपदी प्रदीर्घ काळ राजकीय नेते राहिले आहेत : प्रथम काँग्रेसचे प्रियरंजन दासमुन्शी, त्यानंतर मे २०२२ पर्यंत महाराष्ट्रातील राष्ट्रवादी काँग्रेसचे प्रफुल्ल पटेल. मुदत संपूनही निवडणूक न झाल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने प्रशासक समिती नेमली. समितीच्या योजनेनुसार ३६ नामवंत खेळाडूंना मतदारयादीत स्थान मिळणार होते. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने बाह्य हस्तक्षेपाच्या कारणावरून भारताला निलंबित केले, प्रशासक समितीचा कार्यकाळ न्यायालयाने संपविला आणि मतदार म्हणून केवळ राज्य संघटनाच उरल्या. २ सप्टेंबर २०२२ च्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाचे कल्याण चौबे यांना ३३ आणि माजी कर्णधार बायचुंग भुतिया यांना १ मत मिळाले. गॅलरीत आणि चौकात भुतिया यांची लोकप्रियता निर्विवाद होती. परंतु त्या लोकप्रियतेला मतपत्रिका नव्हती. रसिकाच्या मताची मर्यादा यापेक्षा स्पष्टपणे दाखविणारा दाखला सापडणे कठीण आहे.

सातारा–सांगलीचे मुख्यमंत्री : एक दुर्लक्षित साम्य

यशवंतराव चव्हाण, वसंतदादा पाटील, बाबासाहेब भोसले, पृथ्वीराज चव्हाण आणि एकनाथ शिंदे हे पाच मुख्यमंत्री सातारा–सांगली परिसराशी जन्माने, मूळ गावाने किंवा कार्याने जोडलेले आहेत. या पाचांच्या पक्षनिष्ठा, कार्यशैली आणि काळ भिन्न आहेत. परंतु एक साम्य लक्षणीय आहे. यांपैकी एकही व्यक्ती प्रथम मुख्यमंत्री झाली ती विधानसभेच्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर नव्हे. यशवंतराव १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेच्या वेळी द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. वसंतदादा १९७७ मध्ये शंकरराव चव्हाणांच्या जागी आले. बाबासाहेब भोसले जानेवारी १९८२ मध्ये अ. र. अंतुले यांच्या राजीनाम्यानंतर पक्षश्रेष्ठींच्या निर्णयाने आले. पृथ्वीराज चव्हाण नोव्हेंबर २०१० मध्ये दिल्लीहून पाठविले गेले. एकनाथ शिंदे ३० जून २०२२ रोजी पक्षातील फुटीनंतर पदावर आले.

म्हणजेच ज्या परिसरातील नागरिक ‘आपण मुख्यमंत्री दिले’ असे अभिमानाने म्हणतात, त्या परिसरातील नागरिकांच्या मताचा त्या त्या नेमणुकीशी थेट संबंध नव्हता. बदल वरून किंवा आतून झाला. मतदारांनी तो नंतर स्वीकारला अथवा नाकारला. जून १९८० ते जून १९८८ या आठ वर्षांत अंतुले, भोसले, वसंतदादा, शिवाजीराव पाटील निलंगेकर, शंकरराव चव्हाण आणि शरद पवार असे सहा मुख्यमंत्री राज्याने पाहिले. हा वेग एखाद्या अस्थिर फुटबॉल संघालाही साजेसा आहे. या काळात पक्ष तोच होता, बहुमत होते, प्रशासनही तेच होते. प्रशिक्षक तेवढा बदलत होता.

या बाबतीत एक आक्षेप संभवतो. संसदीय पद्धतीत मुख्यमंत्री आमदार निवडतात आणि आमदार जनता निवडते. तेव्हा मधल्या काळातील बदल घटनाबाह्य नाही. हा आक्षेप योग्य आहे. प्रश्न घटनात्मकतेचा नसून समजाचा आहे. नागरिक जेव्हा मुख्यमंत्रिपदाच्या बदलाकडे सामन्याप्रमाणे पाहतो, तेव्हा ‘कोणी कोणाला चितपट केले’ एवढेच त्याच्या दृष्टीला दिसते. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ मध्ये दहाव्या अनुसूचीद्वारे का आणावा लागला, ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांच्या निर्णयाविषयी काय म्हटले, आणि बहुमत चाचणीपूर्वी राजीनामा दिल्याने उद्धव ठाकरे यांचे सरकार पुन्हा स्थापित करता येणार नाही असे न्यायालय का म्हणाले, हे प्रश्न डावपेचांच्या वर्णनात मागे पडतात. महाविद्यालयीन वर्गात राज्यशास्त्र शिकविणाऱ्या अध्यापकांना या अडचणीचा अनुभव नवा नसावा.

बदलाचा भास

प्रशिक्षक बदलल्यावर संघाची कामगिरी सुधारते काय, या प्रश्नावर युरोपातील लीग स्पर्धांच्या आधारे बरेच संख्याशास्त्रीय अभ्यास झाले आहेत. त्यांतील अनेकांचा निष्कर्ष संयमाचा आहे. पराभवांची मालिका अगदी तळाला पोहोचल्यावर प्रशिक्षक बदलला जातो आणि तळानंतर थोडी सुधारणा स्वाभाविकपणेच होते. तितकीच घसरण होऊनही ज्या संघांनी प्रशिक्षक बदलला नाही, त्यांच्यातही जवळपास तशीच सुधारणा आढळते. म्हणून सुधारणेचे सर्व श्रेय बदलाला देणे तर्कदुष्ट ठरते. ताप उतरण्याच्या दिवशी बांधलेल्या ताइताला श्रेय देण्यासारखाच हा प्रकार आहे.

राजकारणातील उदाहरणेही हीच सावधगिरी शिकवितात. २०२१ मध्ये निवडणुकीपूर्वी गुजरात, उत्तराखंड, कर्नाटक आणि पंजाब या चार राज्यांत सत्ताधारी पक्षांनी मुख्यमंत्री बदलले. पुढील निवडणुकांत गुजरात व उत्तराखंडात सत्ता टिकली. पंजाब व कर्नाटकात ती गेली. केवळ चेहरा बदलणे हा विजयाचा हमखास उपाय असता तर चारही ठिकाणी एकच निकाल दिसला असता. महाराष्ट्रात २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला मिळाल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या २८८ पैकी २३० जागा महायुतीतील तीन प्रमुख पक्षांनी जिंकल्या. सांगलीत तर लोकसभेला दोन्ही बाजूंचे अधिकृत उमेदवार बाजूला सारून वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष म्हणून विजयी झाले. मतदार संघनिष्ठ रसिकाप्रमाणे वागत नाही, प्रसंगानुसार वेगळा विचार करतो, हे या निकालांवरून दिसते. नागरिकाला रसिक समजणाऱ्या विश्लेषणाचा पाया येथे डळमळतो.

रसिकाचे मत, नागरिकाचे मत

रसिक आणि नागरिक यांच्यातील भेद तीन प्रसंगांच्या आधारे स्पष्ट करता येतो.

पहिला प्रसंग १९६२ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेचा आहे. यजमान इंडोनेशियाने इस्रायल व तैवान यांना वगळल्याबद्दल भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला आणि तेथील जनमत भारताविरुद्ध भडकले. अंतिम सामन्यात प्रचंड प्रेक्षकसमुदायाच्या धिक्काराला तोंड देत सय्यद अब्दुल रहीम यांच्या संघाने दक्षिण कोरियाला २–१ असे हरवून सुवर्णपदक मिळविले. ज्या खेळाडूंचा त्या निर्णयाशी काहीही संबंध नव्हता, त्यांनाच रोष सोसावा लागला. राजकीय मत मैदानावर व्यक्त झाले की ते चुकीच्या माणसावर उतरते, हे या प्रसंगाने दाखविले. रहीम हे १९५० पासून १९६३ मध्ये मृत्यू येईपर्यंत भारतीय फुटबॉलशी प्रशिक्षक म्हणून निगडित होते, ही बाबही लक्षात घेण्यासारखी आहे. वस्तादाची संस्था भारतीय फुटबॉलमध्ये एकेकाळी अस्तित्वात होती आणि तिचे फलित मोठे होते.

दुसरा प्रसंग क्रिकेटचा आहे. २००५ मध्ये प्रशिक्षक ग्रेग चॅपेल आणि सौरव गांगुली यांच्यातील वादानंतर गांगुली एकदिवसीय संघाबाहेर गेले. नोव्हेंबरमध्ये ईडन गार्डन्सवर कोलकात्याच्या प्रेक्षकांनी भारतीय संघाचाच धिक्कार केला; वादाचे पडसाद संसदेपर्यंत उमटले. गांगुली डिसेंबर २००६ मध्ये परतले ते धावांच्या बळावर. लोकमताने अन्यायाकडे लक्ष वेधले, हे खरे. परंतु त्याच लोकमतात प्रादेशिक अस्मितेचा अंश इतका मिसळला की मूळ क्रीडाविषयक प्रश्न झाकोळला गेला.

तिसरा प्रसंग मुंबईचा आहे. १ जून २०१८ रोजी अंधेरी येथील मैदानावर भारताने चिनी तैपेईला ५–० असे हरविले तेव्हा अवघे २,५६९ प्रेक्षक उपस्थित होते. त्यानंतर कर्णधार छेत्री यांनी चित्रफितीद्वारे आवाहन केले. टीका करा, रागवा, पण मैदानावर येऊन करा, असा त्याचा आशय होता. तीनच दिवसांनी केनियाविरुद्धच्या सामन्याची सर्व तिकिटे विकली गेली. टीकेचा अधिकार त्यांनी नाकारला नाही. त्या अधिकाराला उपस्थितीची जोड मागितली.

या मागणीचे मूळ सातारा जिल्ह्याला अपरिचित नाही. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेले ते लोकांच्या वर्गणीवर; राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले आणि परतल्यावर कुस्त्या करून ते ऋण फेडले. ज्यांनी वर्गणी दिली, त्यांच्या मताला वजन होते. कारण ते मत त्यांना काही मोल देऊन घ्यावे लागले होते. मोल न देता व्यक्त केलेले मत आणि मोल देऊन घेतलेला निर्णय यांतील हे अंतर रसिक व नागरिक या दोघांनाही लागू पडते. मात्र नागरिकाचे मोल अधिक आहे. रसिकाला संघ बदलण्याची गरज नसते. पराभूत संघावर आयुष्यभर प्रेम करणे हा त्याचा गुणच मानला जातो. नागरिकाने तीच निष्ठा पक्षावर किंवा गटावर ठेवली तर सत्ताधाऱ्याला जाब विचारणारा कोणी उरत नाही.

लोकमताच्या बाजूने एक गोष्ट नमूद करणे न्याय्य ठरेल. ज्यांना मत देण्याची जागाच नाही, त्यांच्याकडे आवाजाखेरीज दुसरे साधन नसते. महासंघाच्या मतदारयादीबाहेरचा रसिक ओरडतो, कारण त्याला मोजले जात नाही. म्हणून त्याच्या ओरडण्याची थट्टा करण्यापेक्षा त्याला मोजण्याची सोय करणे अधिक शहाणपणाचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये महासंघाच्या नव्या घटनेला मान्यता दिली आणि त्याच वर्षी संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला. क्रीडासंस्थांच्या कारभारात खेळाडूंना स्थान देण्याच्या दिशेने ही पावले आहेत. त्यांचे फलित प्रशिक्षकाच्या नावाइतक्याच उत्सुकतेने पाहिले जाणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

१. प्रशिक्षकबदल व नेतृत्वबदल यांविषयीच्या लोकमताची भाषा समान असली तरी त्यांचा आधार भिन्न आहे. रसिकाजवळ निष्ठा असते पण मताधिकार नसतो. नागरिकाजवळ मताधिकार असतो आणि निष्ठेपेक्षा विवेक अपेक्षित असतो.

२. मराठी लोकमानस नेत्याकडून वस्तादाच्या निष्ठेची अपेक्षा करते आणि त्याला प्रशिक्षकाच्या निकषावर मोजते. या दोन कसोट्या वेगळ्या करणे हे राजकीय समीक्षेचे पहिले काम आहे.

३. भारतीय फुटबॉलमधील २०१९ नंतरचे बदल दर्शवितात की व्यक्ती बदलून संस्थात्मक प्रश्न सुटत नाहीत. नेमणूक करणाऱ्या संस्थेची रचना व तिची मतदारयादी हा खरा चर्चेचा विषय आहे.

४. सातारा–सांगलीशी संबंधित पाचही मुख्यमंत्री प्रथम पदावर आले ते सार्वत्रिक निवडणुकीबाहेरील बदलांतून. या परिसरातील प्रादेशिक अभिमानाला चिकित्सेची जोड मिळण्यास हे तथ्य साहाय्यभूत ठरावे.

५. ‘कोण गेला, कोण आला’ या प्रश्नाबरोबरच ‘कोणी नेमले, कोणत्या नियमाने नेमले आणि त्याची किंमत कोणी मोजली’ हे तीन प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांत रुजविणे, ही महाविद्यालयीन शिक्षणाची जबाबदारी आहे. मैदानावरील उत्कटता त्यामुळे कमी होणार नाही. मतदान केंद्रावरील विवेक मात्र निश्चितच वाढेल.